आता नंबर कोणाचा? देशाची सत्ता प्रदेशांमध्ये आणि समाजांमध्ये आळीपाळीने फिरवावी का?

रानजाई
गेले काही दिवस नायजेरियाच्या राजकारणावर जे मिळेल ते वाचतेय. एक प्रश्न काही केल्या सुटत नाही, म्हणून धागा काढतेय.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नायजेरियात हौसा-फुलानी, योरूबा आणि इग्बो हे तीन मोठे समाज. शिवाय इजॉ, तिव, कानुरी असे लहानमोठे शेकडो. उत्तरेत मुस्लिम बहुसंख्य, आग्नेय आणि दक्षिण टोकाला ख्रिस्ती, नैर्ऋत्येच्या योरूबांमध्ये दोन्ही. १९६० साली स्वातंत्र्य मिळालं. १९६६च्या जानेवारीत पहिलं लष्करी बंड झालं, जुलैत दुसरं, आणि १९६७ ते १९७० फुटून निघालेल्या इग्बोबहुल बियाफ्राचं युद्ध पेटलं. त्या होरपळीनंतर तिथल्या पुढाऱ्यांनी एक रीत पाडली, तिला ते 'झोनिंग' म्हणतात. १९७९च्या निवडणुकीआधी एनपीएन या पक्षाने मोठी पदं प्रदेशवार वाटून टाकली : राष्ट्राध्यक्ष उत्तरेचे शेहू शगारी, उपाध्यक्ष इग्बो समाजाचे अ‍ॅलेक्स एक्वुमे. लष्करी राजवट संपून १९९९ला लोकशाही परतली तेव्हा पीडीपीने तर पदं फिरती ठेवण्याचं तत्त्व पक्षाच्या घटनेतच घातलं. आठ वर्षं दक्षिण, आठ वर्षं उत्तर असा समज तेव्हापासून रूढ झाला.

देशाच्या राज्यघटनेत हे कुठेही नाही. ती एवढंच सांगते की जिंकणाऱ्याला सर्वांत जास्त मतं तर हवीतच, शिवाय ३६ राज्यं आणि राजधानी अबुजा यांपैकी दोन तृतीयांश ठिकाणी किमान २५ टक्के मतं हवीत. आणि मंत्रिमंडळात प्रत्येक राज्यातला निदान एक माणूस घ्यायलाच हवा.

मला ही आळीपाळी मनापासून पटते. ज्या देशात समाज एकमेकांना घाबरून असतात तिथे हरलेल्याला 'थांब, पुढच्या खेपेला तुझा नंबर आहे' हा शब्द मिळाला, तर त्याला थांबणं परवडतं. तो शब्द नसेल तर प्रत्येक निवडणूक जिवावरची होते. तुमचं काय मत? तिथे राहिलेलं कोणी आहे का इथे?

अनुस्वार
विषय आवडला. वाचनखूण साठवली आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तिसरी_घंटा
मला तत्त्वच पटत नाही. विमान चालवायला आपण आळीपाळीने वेगवेगळ्या समाजाचा वैमानिक मागत नाही. देश चालवायला का मागायचा? ज्याला काम येतं त्याला निवडा, मग तो कुठलाही असो. 'या वेळी आमचा' म्हटलं की लायक माणूस केवळ चुकीच्या जिल्ह्यात जन्मला म्हणून बाद होतो.

खडूफळा
रानजाई, मी राहिले आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरेत, सोकोटो राज्यात शिकवत होते. त्या काळी आपल्याकडचे बरेच शिक्षक तिकडे जायचे. माझी शाळा केंद्र सरकारची होती. युद्धानंतर मुद्दाम अशा शाळा वाढवल्या होत्या, सगळ्या राज्यांतल्या मुली एका वसतिगृहात राहाव्यात म्हणून.

हजेरीपटात नावाशेजारी एक रकाना असे : मूळ राज्य. माझ्या वर्गात एक इग्बो मुलगी होती. जन्म सोकोटोचाच, वडिलांचं सायकलींच्या सुट्या भागांचं दुकान होतं, हौसा भाषा अशी बोलायची की बाजारात माझ्यासाठी घासाघीस तीच करायची. पण रकान्यात लिहावं लागे 'अनांब्रा'. तिने ते राज्य पाहिलंही नव्हतं. मी एकदा म्हटलं, 'सोकोटो लिही की.' ती म्हणाली, 'टीचर, मी लिहीन, पण इथलं कार्यालय मला दाखला देणार नाही.'

तो दाखला म्हणजे तिथल्या आयुष्याची किल्ली आहे. स्थानिक प्रशासन तो देतं, तुमचे पूर्वज इथलेच आहेत असं म्हणणारा. शिष्यवृत्ती, सरकारी नोकरी, मंत्रिपद, सगळं त्याच्यावर. तुम्ही वरच्या खुर्चीच्या आळीपाळीबद्दल विचारताय, पण त्या आळीपाळीसाठी आधी प्रत्येक माणसावर 'हा कुठला' हा शिक्का मारावा लागतो. त्याची किंमत मी वर्गात बसलेली पाहिली आहे.

१९८३च्या शेवटच्या दिवशी रेडिओवर लष्करी बँड वाजायला लागला तेव्हा शगारींचं सरकार गेलं. सोकोटो त्यांचंच गाव-राज्य. पण रस्त्यावर कोणी रडताना मला तरी दिसलं नाही.

बेरीजवजाबाकी
जरा आकडेमोड करू या. नायजेरियात सहा भूराजकीय विभाग मानतात : वायव्य (७ राज्यं), ईशान्य, उत्तर-मध्य, नैर्ऋत्य, दक्षिण-दक्षिण (प्रत्येकी ६) आणि आग्नेय (५). ही सहाची कल्पना १९९४-९५च्या घटना परिषदेत पुढे आली आणि ती मांडणाऱ्यांत प्रमुख होते तेच एक्वुमे.

आठ-आठ वर्षं धरली तर एक पूर्ण फेरा ४८ वर्षांचा. एका विभागाची कारकीर्द संपली की पुन्हा नंबर ४० वर्षांनी. आणि विभागातही प्रत्येक राज्याला न्याय द्यायचा म्हटलं तर ३६ गुणिले ८ म्हणजे २८८ वर्षं.

१९९९पासूनचा हिशेब : ओबासांजो (नैर्ऋत्य) ८ वर्षं, यारअदुआ (वायव्य) ३, जोनाथन (दक्षिण-दक्षिण) ५, बुहारी (वायव्य) ८, आता टिनुबू (पुन्हा नैर्ऋत्य). ईशान्य, उत्तर-मध्य आणि आग्नेय या तिघांच्या पुढे शून्य. म्हणजे उत्तर-दक्षिण झोका बरोबर चालला, पण दक्षिणेच्या आत इग्बोंपर्यंत तो पोचलाच नाही. रानजाई, हरलेल्याला दिलेला शब्द हाच का?

लागोसकर
उशिरा आलो धाग्यावर. मी लागोसमध्ये बरीच वर्षं नोकरी केली, २०१५ आणि २०२३ दोन्ही निवडणुका तिथे पाहिल्या. थोडं लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

आधी १९९३ समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळत नाही. १२ जून १९९३ला योरूबा उद्योगपती मोशूद अबिओला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकत होते. उत्तरेतही त्यांना भरभरून मतं पडली होती. तेव्हाचे लष्करी सत्ताधीश जनरल बाबांगिडांनी ती निवडणूकच रद्द केली. अबिओला पुढे तुरुंगात गेले आणि ७ जुलै १९९८ला कैदेतच वारले. योरूबा समाजाची भावना झाली की आम्हाला सरळ मार्गानेही वर येऊ देणार नाहीत. म्हणून १९९९ला काय केलं? दोन्ही प्रमुख उमेदवार योरूबाच उभे राहिले, ओबासांजो आणि ओलू फालाए. कोणीही जिंको, खुर्ची नैर्ऋत्येला जाणार. नियम कुठेच लिहिला नव्हता, पण सगळ्यांना कळत होतं की हे केलं नाही तर देश फुटेल. माझ्या मते झोनिंगचं सर्वांत मोठं यश ते. @तिसरी_घंटा, तेव्हा 'ज्याला काम येतं तो' हा निकष लावून चाललं नसतं, कारण ज्याला लोकांनी निवडलं होतं त्याला आधीच गाडून झालं होतं.

आता २०२३. टिनुबूंनी आदल्या वर्षी अबेओकुटाच्या सभेत उघड सांगितलं, 'या वेळी माझा नंबर.' आमच्या कार्यालयातले योरूबा खूश, इग्बो सहकारी संतापलेले. एक इग्बो इंजिनिअर होता, एरवी राजकारणावर चकार शब्द न काढणारा. तो जेवताना म्हणाला, 'दक्षिणेचा नंबर म्हणता, मग दक्षिणेत आम्ही नाही का?' इग्बो समाजाचे पीटर ओबी लहान पक्षाकडून उभे होते. पीडीपीने तर आपलंच तत्त्व गुंडाळून उत्तरेच्या अतिकू अबुबकरांना तिकीट दिलं, त्यावरून पाच गव्हर्नर पक्षाविरुद्ध उभे ठाकले.

मतदानाच्या दिवशी तिथे गाड्यांना बंदी असते. एरवी तासन्‌तास तुंबलेल्या रस्त्यावर पोरं फुटबॉल खेळत होती. संध्याकाळी आमच्या गल्लीच्या केंद्रावर मोजणी पाहायला गेलो. उघड्यावर मोजतात. अधिकारी एकेक मतपत्रिका उंच धरतो, पक्षाचं नाव घेतो आणि जमलेली गर्दी एका सुरात आकडा म्हणते. त्या केंद्रावर बहुतेक घरं योरूबा, तरी ओबींचा आकडा वाढतच गेला. तरुण पोरं, योरूबा असून, ओबींना मत दिल्याचं ओरडून सांगत होती. टिनुबूंच्या बालेकिल्ल्यात, लागोस राज्यात, ओबी थोडक्या मतांनी का होईना जिंकले.

शेवटी टिनुबू ३७ टक्क्यांच्या आतच मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. मतदान नोंदलेल्यांच्या जेमतेम २७ टक्के. म्हणजे नंबर ज्याचा लागला त्यालाही देशाने धावत जाऊन उचललं नाही.

अनुस्वार
लागोसकर, मोजणीचं वर्णन वाचून तिथे उभं असल्यासारखं वाटलं. आणखी लिहा.

पंचम
आळीपाळीची गोष्ट निघाली आणि युगोस्लाव्हिया आला नाही असं कसं होईल?

तिथले सर्वेसर्वा टिटो ४ मे १९८०ला गेले. त्यांच्यानंतर कोणी एक माणूस नको म्हणून आधीच सामुदायिक अध्यक्षमंडळ ठरलेलं होतं : सहा प्रजासत्ताकं आणि दोन स्वायत्त प्रांत मिळून आठ जण. प्रमुखपद दर वर्षी मे महिन्यात ठरलेल्या क्रमाने पुढच्याकडे. अकरा वर्षं हे घड्याळ बिनबोभाट चाललं. मग १५ मे १९९१ला क्रोएशियाच्या स्तिपे मेसिच यांचा नंबर आला. एरवी मतदान म्हणजे नुसता उपचार. या वेळी सर्बियाने आणि तिच्या कह्यातल्या मतांनी अडवून धरलं. युरोपीय मध्यस्थीनंतर १ जुलैला मेसिच खुर्चीत बसले खरे, पण जूनच्या शेवटच्या आठवड्यातच स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं.

रानजाई, तुमचा 'शब्द' म्हणतात तो हाच. क्रम पाळला जातो तोवर कोणाला त्याची किंमत कळत नाही. एकदा मोडला की ज्याचा नंबर हुकला तो पुन्हा रांगेत उभा राहत नाही, तो रांग सोडून जातो.

आणि त्याच भूमीवर आजही हा प्रयोग चालू आहे. बोस्नियात १९९५च्या डेटन करारानुसार तीन जणांचं अध्यक्षमंडळ आहे : एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. प्रमुखपद दर आठ महिन्यांनी फिरतं. युद्ध थांबलं हे खरं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण देर्वो सेजदिच हे रोमा आणि याकोब फिंची हे ज्यू, या दोघांना त्या पदासाठी उभंच राहता येत नव्हतं, कारण ते तिघांपैकी कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. ते स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २००९ साली जिंकले. निकालाची अंमलबजावणी मात्र वर्षानुवर्षं रखडली. खडूफळाताईंच्या विद्यार्थिनीचा आणि या दोघांचा प्रश्न एकच आहे.

खडूफळा
पंचम, अगदी. नायजेरियातल्या जोस शहराची बातमी आली की मला तीच मुलगी आठवते. तिथे 'मूळचे' आणि 'बाहेरून आलेले' या वादावरून २००१, २००८, २०१० अशा दंगली झाल्या. 'बाहेरून आलेले' म्हणजे कित्येक पिढ्या तिथेच राहणारे हौसा. दाखला कोणाला द्यायचा इथून वाद सुरू होतो आणि कोयत्यांपर्यंत जातो.

@तिसरी_घंटा, लायकीबद्दल मी शिक्षिका म्हणून बोलते. या केंद्रीय शाळांच्या प्रवेशाला राज्यागणिक वेगळी गुणमर्यादा असते. २०१३ साली तिचे आकडे गाजले होते : अनांब्राच्या मुलांना १३०च्या वर गुण लागत होते आणि ईशान्येच्या योबेत मुलग्यांना एक आकडी गुण पुरत होते. अन्याय आहे, वादच नाही. पण योबेत प्राथमिक शाळेलाच शिक्षक नसतो, हे मी उत्तरेत पाहिलं आहे. तिथलं पोर मुळात वर्गापर्यंत आलं नाही तर तीस वर्षांनी लायक उमेदवार आणायचा कुठून? मला दोन्ही बाजू दिसतात, आणि म्हणून या विषयावर मला ठाम बोलता येत नाही.

मलाक्काची_लाट
बेरीजवजाबाकी, छत्तीस वर्षं थांबून पुन्हा नंबर लागलेला माणूस सापडला! मलेशियात नऊ राजघराणी १९५७पासून दर पाच वर्षांनी आळीपाळीने देशाचा राजा निवडतात. केदाहचे सुलतान अब्दुल हलीम १९७०मध्ये पहिल्यांदा राजे झाले आणि सगळा फेरा पूर्ण होऊन २०११मध्ये दुसऱ्यांदा. तोवर वय चौऱ्याऐंशी. :)

बेरीजवजाबाकी
हाहा, त्यांच्या चिकाटीला सलाम! पण तिथे हे इतकं सुरळीत चालतं याचं कारणही बघा. राजाच्या हाती अर्थसंकल्प नाही. स्वित्झर्लंडमध्येही सात जणांच्या मंडळातला एक जण दर वर्षी राष्ट्राध्यक्ष होतो आणि कोणी त्यावरून भांडत नाही, कारण त्या एका वर्षात तो इतर सहांचा मालक होत नाही.

रोखठोक
सगळे प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न सरळ आहे : नंबर लागला म्हणून त्या भागातल्या साध्या माणसाला काय मिळालं?

बुहारी कात्सिना राज्यातले. ११ डिसेंबर २०२०ला ते आपल्या 'डौरा' या गावी खासगी भेटीवर पोचले आणि त्याच रात्री त्याच राज्यात कांकारा इथल्या शाळेतून बंदूकधाऱ्यांनी तीनशेहून जास्त मुलगे पळवून नेले. मुलं नंतर सुटली. पण राष्ट्राध्यक्ष आपला, तो घरी आलेला, आणि आपली पोरं सुरक्षित नाहीत! जोनाथन तेल निघणाऱ्या नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातले. त्या प्रदेशाची जीवनवाहिनी म्हणवणारा पूर्व-पश्चिम महामार्ग त्यांची कारकीर्द संपली तरी अर्धवटच होता.

कालव्याच्या पाण्याची पाळी आली की शेवटच्या शेतकऱ्याला निदान ओल तरी दिसते. इथे पाळी येते ती चारदोन घराण्यांची. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त 'आपला माणूस' म्हणायचं समाधान. आणि त्याच समाधानापोटी ते त्याला जाबही विचारत नाहीत.

लागोसकर
@रोखठोक, कांकाराबद्दल एक शब्दही खोडता येणार नाही. पण 'फक्त समाधान' म्हणून उडवून लावू नका. बियाफ्रात लाखो माणसं मेली, त्यातली कितीतरी लेकरं भुकेने. आणि ज्या इग्बो समाजाचा आजवर एकही माणूस निवडून येऊन कार्यकारी राष्ट्राध्यक्ष झाला नाही, त्यांना तो मान म्हणजे देशाने आम्हाला परत आपलं मानल्याची पावती वाटते. (अझिकिवे १९६३ ते १९६६ राष्ट्राध्यक्ष होते, पण ते नामधारी पद. इरोन्सी लष्करी प्रमुख होते सहा महिने, त्यांचा खून झाला.) माझा तो इंजिनिअर मित्र चांगला पगार घेणारा होता. त्याला रस्ता नको होता, पाणी नको होतं. त्याला एवढंच हवं होतं की त्याच्या मुलीला शाळेत 'तुमच्यातला कोणी कधी होणार नाही' हे ऐकावं लागू नये.

खरं दुखणं वेगळं आहे. तेलाचा पैसा अबुजात जमा होतो आणि तिथून दर महिन्याला राज्यांना वाटला जातो. तेल निघणाऱ्या राज्यांना वर १३ टक्क्यांचा हिस्सा मिळतो, पण चावी अबुजातच. बेरीजवजाबाकी स्वित्झर्लंडचं म्हणाले ते इथे उलटं लावून पाहा. सगळं धान्य एकाच कोठारात भरलं की कोठीवाला कोण यावरून मारामारी होणारच.

चाफेकळी
इतक्या प्रतिसादांत एका समाजाचा नंबर कोणीच विचारला नाही, बायकांचा. सहा विभाग, छत्तीस राज्यं, उत्तर-दक्षिण, मुस्लिम-ख्रिस्ती, सगळी वाटणी झाली. आजवर नायजेरियात एकही बाई गव्हर्नर म्हणून निवडून आलेली नाही. व्हर्जिनिया एटियाबा २००६-०७मध्ये अनांब्राच्या गव्हर्नर झाल्या, त्याही काही महिने, गव्हर्नरला महाभियोगाने काढलं म्हणून. आणि तो गव्हर्नर म्हणजे हेच पीटर ओबी. न्यायालयाने त्यांना परत बसवलं तेव्हा बाई शांतपणे पायउतार झाल्या.

'अमक्या भागाचा नंबर' म्हटलं की तो भाग कोणाच्या रूपाने बोलणार हे त्या भागातले वडीलधारे पुरुष ठरवतात. मग बाईचं नाव येणारच कसं?

पंचम
चाफेकळी, मुद्दा बिनतोड आहे. बुरुंडीचं उदाहरण म्हणूनच मला आवडतं. २०००च्या अरुशा करारानंतर तीन वर्षांचा संक्रमणकाळ ठरला : पहिले १८ महिने तुत्सी समाजाचे बुयोया, पुढचे १८ महिने हुतू समाजाचे न्दायिझेये. ३० एप्रिल २००३ला बुयोयांनी खरंच खुर्ची सोडली. लष्करी बंडाने आलेला माणूस तारखेला उठून गेला, हे लहान नाही. पुढे २००५च्या घटनेत राष्ट्रीय सभा ६० टक्के हुतू, ४० टक्के तुत्सी, सैन्य निम्मंनिम्मं आणि बायकांना किमान ३० टक्के जागा. म्हणजे आळीपाळी फक्त पूल ओलांडण्यापुरती, त्यानंतर वाटा एकाच वेळी सगळ्यांना. २०१५ला राष्ट्राध्यक्ष न्कुरुन्झिझांनी तिसऱ्यांदा उभं राहून घाण केली ते वेगळं.

तिसरी_घंटा
पंचम, हे मात्र मला पटतं. मुदत असलेली आळीपाळी मी मान्य करेन. कायमची नाही. कोलंबियात १९५८ ते १९७४ लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन पक्षांनी राष्ट्राध्यक्षपद चार-चार वर्षं आळीपाळीने घेतलं. समाजांचा नाही, पक्षांचा करार, पण तत्त्व तेच. आपसांतलं रक्तपाताचं सत्र थांबलं. त्याच वेळी या दोघांच्या बाहेरच्यांना दार बंद झालं, आणि त्याच काळात गनिमी संघटना वाढल्या. आज ज्यांना आपण रांगेत उभं करतो, त्या रांगेत उद्या जन्मणाऱ्यांना जागाच नसते.

कलम_कायदा
अवांतर नाही, पण थोडा वेगळा प्रश्न : नंबरात असलेला माणूस मध्येच मेला तर?

लागोसकर
@कलम_कायदा, हे घडलं आहे. यारअदुआ उत्तरेचे. नोव्हेंबर २००९ला उपचारासाठी सौदी अरेबियात गेले, जाताना अधिकार उपाध्यक्षांकडे दिल्याचं पत्रही नाही. महिनोन्‌महिने देशाला राष्ट्राध्यक्षच नाही. शेवटी ९ फेब्रुवारी २०१०ला सिनेटने 'गरजेच्या तत्त्वा'चा आधार घेऊन जोनाथनना हंगामी केलं. ५ मे २०१०ला यारअदुआ गेले. घटनेप्रमाणे जोनाथन राष्ट्राध्यक्ष. इथवर कोणाची फारशी तक्रार नव्हती.

ठिणगी पडली २०११ला ते स्वतः उभे राहिले तेव्हा. उत्तरेचं म्हणणं, आमची आठ वर्षं पुरी झाली नाहीत. जोनाथन समर्थकांचं म्हणणं, घटनेत आळीपाळी नाही, मग अडवता कशाने? दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी, म्हणूनच तोडगा निघेना. जोनाथन जिंकले आणि उत्तरेतल्या बारा राज्यांत तीन दिवसांत आठशेहून जास्त माणसं मारली गेली. कडूना सर्वांत जास्त जळलं.

कलम_कायदा
म्हणजे अलिखित करारात नेमका वादाचा प्रसंगच लिहायचा राहून जातो. उपाध्यक्षाने उरलेली मुदत पुरी करावी आणि पुढच्या वेळी त्याने उभं राहू नये, एवढं एक वाक्य आधी लिहिलेलं असतं तरी पुष्कळ जीव वाचले असते, असं मला वाटतं.

रोखठोक
लिहिलेलं असतं तरी पुढच्याने ते बदललं असतं. कोमोरोस बघा. घटनेतच लिहिलं होतं.

बेटावरचा
कोमोरोसचं नाव निघालंच आहे तर लिहितो, माझा आवडता विषय. तीन बेटं : ग्रांद कोमोर, अंजुआन, मोहेली. १९७५ला स्वातंत्र्य, तेव्हापासून बंडांची माळ. १९९७ला अंजुआन फुटून निघालं. २००१ला फोंबोनी करार झाला आणि नव्या घटनेत राष्ट्राध्यक्षपद तीन बेटांत फिरतं केलं. पद्धत फार सुंदर होती. ज्या बेटाचा नंबर असेल तिथल्या मतदारांनी प्राथमिक फेरीत पहिले तीन निवडायचे आणि त्या तिघांतून सगळ्या देशाने एक. म्हणजे माणूस त्या बेटाचा, पण कौल सगळ्यांचा. उमेदवाराला इतर बेटांवरही जाऊन हात जोडावे लागत.

२००६ला ग्रांद कोमोरच्या अझाली असुमानींनी अंजुआनच्या सांबींना सत्ता दिली. २०११ला सांबींकडून मोहेलीच्या इकिलिलूंकडे. मोहेली सर्वांत लहान बेट, करार नसता तर तिथला माणूस कधीच वर आला नसता. २०१६ला ग्रांद कोमोरचा नंबर, अझाली परत आले. आणि २०१८ला त्यांनी सार्वमत घेऊन घटना बदलली : आता एकाच माणसाला लागोपाठ दोनदा पाच-पाच वर्षं. २०२१ला अंजुआनचा नंबर होता, तो गेला. ऑक्टोबर २०१८मध्ये अंजुआनच्या मुत्सामुदू शहरातल्या जुन्या पेठेत लोकांनी शस्त्रं उचलली आणि सैन्याने तो उठाव मोडून काढला. सांबींना पुढे देशद्रोहाच्या खटल्यात जन्मठेप झाली.

रानजाई
बेटावरचा, ही प्राथमिक फेरीची पद्धत मला माहीतच नव्हती. फार फार आभार. नायजेरियाच्या २५ टक्क्यांच्या अटीमागेही हाच विचार असावा : उमेदवार कुठलाही असो, त्याला परक्या दारात जावंच लागेल.

सगळं वाचून माझं मत बदललेलं नाही, पण कुठे चालेल हे आता अधिक नेमकं सांगता येईल. बेरीजवजाबाकींच्या ४० वर्षांचा मुद्दा मनात घोळतोय. तरुणपणी ज्याचा नंबर हुकला त्याने म्हातारपणी वाट बघायची, हा शब्द शब्दच राहत नाही. दोन-तीन वाटेकरी असतील तर माणूस आपल्या हयातीत नंबर येताना पाहू शकतो. नायजेरियाच्या राज्यांत खालच्या पातळीवर असं कुठे चालतं का?

लागोसकर
चालतं. एनुगू राज्य. प्रत्येक राज्याचे तीन सिनेट विभाग असतात. एनुगूत १९९९ला पूर्व विभागाचे न्नामनी, २००७ला पश्चिमेचे चिमे, २०१५ला उत्तरेचे उग्वुआन्यी, २०२३ला पुन्हा पूर्वेचे म्बाह. कायदा नाही, काही नाही. प्रत्येक वेळी कुरबुर होते, प्रत्येक वेळी पाळलं जातं. थांबायचं सोळा वर्षं.

रोखठोक
तीनच वाटेकरी कोमोरोसमध्येही होते. तरी मोडलंच ना?

रानजाई
हो, पण मोडलं कोणी ते बघा ना. अझालींनी सार्वमताआधी, एप्रिल २०१८मध्ये, घटना न्यायालयच बंद केलं आणि त्याचे अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडे वळवले. सैन्य त्यांच्या हातात, न्यायालय त्यांच्या हातात. एनुगूच्या गव्हर्नरने 'मीच राहतो' म्हटलं तर चार-चार वर्षांच्या दोनच मुदतींची अट देशाच्या घटनेत आहे, आणि ती बदलणं त्याच्या हातात नाही. त्याला उठावंच लागतं, आणि मग उठल्यावर कोणाला बसवायचं एवढाच प्रश्न उरतो.

रोखठोक
हे मान्य. पण मग कांकाराच्या मुलांचं काय, ते उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

रानजाई
नाही मिळालं. माझ्याकडे नाही. उत्तरेतल्या गावांतली पोलीस व्यवस्था अबुजातून चालते, राज्याला स्वतःचे पोलीस नाहीत, हा त्यातला मोठा भाग आहे असं मला वाटतं. लागोसकर, खडूफळाताई, तुम्ही दोघं त्यावर लिहाल का? वेगळा धागा काढते.